कुटुंब व्हिसा आणि नागरिकत्व : कोकणातल्या घराने कागद कसे जुळवावेत

श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली, खेड या तालुक्यांतून आखातात गेलेली किंवा रत्नागिरी-सिंधुदुर्गातून मुंबईमार्गे अमेरिकेत स्थिरावलेली माणसे घरच्यांना बोलावून घ्यायचे ठरवतात, तेव्हा खरी धावपळ ग्रामपंचायत, शाळा आणि तहसील कचेरी या तीन ठिकाणी होते. व्हिसाचा अर्ज भरणे त्या मानाने सोपे असते. त्यामुळे परदेशी अर्जाचे शुल्क भरण्याआधी गावचे कागद पुरे करून घ्यावेत, कारण अर्ज दाखल झाल्यावर उत्तर देण्याच्या मुदती सुरू होतात आणि जुनी नोंदवही शोधणाऱ्या लिपिकाला त्या मुदतींशी काही देणेघेणे नसते.

सुरुवात नावापासून करावी. कुटुंबातील प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पारपत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला शेजारी शेजारी ठेवून त्यांतील नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, आडनाव आणि जन्मतारीख अक्षर न् अक्षर ताडून पाहावी. माहेरची शेवंती सासरी सुनंदा झालेली असणे, शाळेत आडनावाऐवजी गावावरून पडलेले नाव लागलेले असणे, इंग्रजी स्पेलिंग तीन ठिकाणी तीन तऱ्हेचे असणे, हे आपल्याकडे इतके सर्रास चालते की घरात कोणाला ते खटकतही नाही. परदेशातील अधिकाऱ्याला मात्र त्या दोन वेगळ्या स्त्रिया दिसतात. स्पेलिंगचा किरकोळ फरक प्रतिज्ञापत्रावर निभावतो. नावच बदलले असेल, तर महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन मग पारपत्र दुरुस्त करणे हाच सुरक्षित मार्ग आहे. पारपत्रातील आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नये, कारण एकच नाव असलेल्या पारपत्रधारकांना संयुक्त अरब अमिरातीने नोव्हेंबर २०२२ पासून प्रवेशाबाबत निर्बंध घातले आहेत.

जन्मदाखल्याचा प्रश्न ज्येष्ठांच्या बाबतीत बिकट होतो. घरी बाळंतपण झालेल्या पिढीची नोंद असलीच तर ती गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत सापडते, आणि तिथेही बाळाचे नाव नसून केवळ अमक्याला मुलगा झाला एवढेच लिहिलेले असू शकते. काही ठिकाणी तर ही पाने मोडी लिपीत आहेत. तरीही तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून त्या पानाची प्रमाणित प्रत घ्यावी. नोंद मुळीच नसेल, तर जन्म-मृत्यू निबंधकाकडून जन्मनोंद उपलब्ध नसल्याचा दाखला घ्यावा आणि त्यासोबत शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा व जन्माची माहिती असलेल्या वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. अमेरिकेच्या व्हिसासाठी हा पर्याय मान्य आहे. एक वर्षानंतरची विलंबित नोंदणी करायची झाल्यास १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १३ नुसार दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. शाळेत मास्तरांनी सरसकट १ जून ही तारीख लावून टाकलेल्यांची आपल्याकडे एक अख्खी पिढी आहे. ती तारीख सगळ्या कागदांवर एकसारखी असेल, तर केवळ खरी तिथी आठवते म्हणून आता ती बदलायला जाऊ नये.

विवाहाची नोंद महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली गावातच, ग्रामसेवकाकडे होते. लग्न जुने असले तरी पती-पत्नी हयात असताना ही नोंद करता येते, आणि लग्नपत्रिका, फोटो व साक्षीदार मिळू शकत आहेत तोवर ती उरकून घ्यावी. निकाहनामा असलेल्या कुटुंबांनीही केवळ त्यावर विसंबू नये. नोंदणीचा शासकीय दाखला हाती असला की पुढचे साक्षांकन सुरळीत होते.

हे साक्षांकन कोणत्या देशासाठी करायचे, ते आधी ठरवावे. एका देशाचा दाखला दुसऱ्या देशात ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर लावायच्या शिक्क्याला अपोस्टिल म्हणतात, आणि भारत २००५ पासून त्या करारात आहे. ओमान, बहारीन आणि डिसेंबर २०२२ पासून सौदी अरेबिया याच करारात असल्याने तिथे राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल लागते. अमिरातीसाठी मात्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन आणि नंतर तिथे अरबी भाषांतर असा लांबचा रस्ता आहे. परराष्ट्र मंत्रालय हे कागद त्याने नेमलेल्या संस्थांमार्फत स्वीकारते, म्हणून गावात येऊन सर्व काही करून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाकडे मूळ दाखला सोपवताना पावती घ्यावी आणि संस्थेचे नाव मंत्रालयाच्या यादीशी पडताळावे. अमेरिकेच्या कुटुंब व्हिसासाठी जन्म किंवा विवाहाच्या दाखल्याला अपोस्टिल लागत नाही. तिथे स्कॅन प्रत, मराठी दाखल्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर आणि मुलाखतीच्या दिवशी मूळ कागद एवढे पुरते. त्यावर विनाकारण पैसे खर्च करणारे बरेच भेटतात.

अमेरिकेत कोण कोणाला बोलावू शकते, यावरही गैरसमज आहेत. ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, असलेला मुलगा पत्नी आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करू शकतो, पण आईवडिलांसाठी नाही. त्यासाठी त्याने नागरिक व्हावे लागते आणि त्याचे वय किमान २१ असावे लागते. नागरिकाच्या आईवडिलांना वार्षिक मर्यादेची रांग नसते, भावंडांच्या वर्गात मात्र भारतीयांना दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते. आई आणि वडील यांच्यासाठी आय-१३० हा अर्ज वेगवेगळा भरावा लागतो. आईसाठी मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव असणे पुरते. वडिलांसाठी त्यासोबत आईवडिलांच्या विवाहाचा पुरावाही द्यावा लागतो. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या अनोंदणीकृत लग्नाचा प्रश्न नेमका इथे उभा राहतो.

पोलिस पडताळणीचा दाखला पारपत्र सेवेमार्फत मिळतो आणि तो शेवटी काढावा, कारण त्याची ग्राह्यता ठरावीक काळापुरती असते. अर्जात प्रत्यक्ष राहता पत्ता द्यावा. गावचे घर बंद आणि माणसे मुंबईत, अशा स्थितीत गावचा पत्ता दिल्यास पडताळणी अडकते.

नागरिकत्वाची पायरी आली की विचार अधिक सावधपणे करावा. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या कलम ९ नुसार परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व संपते, म्हणून पारपत्र जमा करून त्याचा दाखला घ्यावा लागतो आणि त्यानंतरच ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डासाठी अर्ज करता येतो. हे कार्ड आयुष्यभर येण्याजाण्याची मोकळीक देते, मतदानाचा हक्क देत नाही. कोकणातील घराला सर्वांत जास्त जाणवणारी मर्यादा जमिनीची आहे : ओसीआय धारकाला शेतजमीन, बागायत किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही स्वीकारता येत नाही, वारसाहक्काने मात्र येऊ शकते. आंबा-काजूची कलमे असलेल्या सामायिक सातबाऱ्यावर आजोबांचेच नाव चालू असेल, तर परदेशी नागरिकत्वाच्या शपथविधीच्या आधी तलाठ्याकडे वारस नोंद आणि फेरफार पूर्ण करून घेणे शहाणपणाचे ठरते. पुढची कामे गावातील भावावर सोपवायची असतील, तर परदेशातून पाठवलेले कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे.