इंग्रजी कंट्री हाउसच्या कादंबऱ्यांवर लिहिताय? या चुका टाळा

एम.ए.चा पेपर असो की वाचनगटातली चर्चा, खेड्यातल्या आलिशान घराची इंग्रजी कादंबरी निघाली की एक वाक्य हटकून येतं: 'लेखकाला जुन्या इंग्लंडची ओढ आहे.' ही ओढ नक्की कुणाची, हे बघायचं राहूनच जातं.

पात्राची हळहळ लेखकाच्या खात्यावर मांडणं, ही सगळ्यांत मोठी चूक. काझुओ इशिगुरोची 'द रिमेन्स ऑफ द डे' (1989) घ्या. सॉल्सबरीच्या वाटेवर बटलर स्टीव्हन्स टेकडीवरून खालची शेतं बघतो आणि पुढे म्हणतो की या भूमीचं मोठेपण तिच्या संयमात आहे. आफ्रिका-अमेरिकेतली दृश्यं त्यापुढे भडक वाटतात. हा उतारा 'इंग्लिशपणाची व्याख्या' म्हणून निबंधात चिकटवला जातो. पण बोलतोय कोण? मालकाने सांगितलं म्हणून दोन ज्यू मोलकरणींना निमूटपणे कामावरून काढणारा माणूस. त्याचा संयम हा गुण की पळवाट, हा प्रश्न त्या वर्णनातच दडलाय. शिवाय प्रवास आहे जुलै 1956 मधला. त्याच महिन्यात इजिप्तने ब्रिटिश-फ्रेंच कंपनीकडचा सुएझ कालवा ताब्यात घेऊन ब्रिटिश साम्राज्याला धक्का दिला. कादंबरी त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

त्यातलाच एक छोटा प्रसंग बहुतेकजण ओलांडून जातात. घराचा नवा मालक अमेरिकन. त्याच्याकडे आलेल्या पाहुणीला दगडी कमान नकली असल्याची शंका येते, आणि आपण आधीच्या लॉर्डकडे नोकरीला होतो हेच स्टीव्हन्स तिच्यापाशी नाकारतो. मालक वैतागतो: घर अस्सल, बटलरही अस्सल, म्हणूनच तर पैसे मोजले ना! परंपरा इथे खरेदीचा माल झालीय. इंग्लिश अस्मितेवर दोनच पानं लिहायची असतील, तर टेकडी सोडा आणि ही कमान धरा.

दुसरी चूक काळाची. इव्हलिन वॉच्या 'ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड'मधला चवीचवीने सांगितलेला थाट 1920 आणि 1930 च्या दशकांतला. लेखन मात्र 1943-44 चं, रेशनिंगच्या दिवसांतलं. ही घरं आता नामशेष होणार, असं वॉला तेव्हा वाटत होतं. सुधारित आवृत्तीसाठी 1959 मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्याने तो अंदाज चुकल्याचं मान्य केलं. ती प्रस्तावना न वाचता या कादंबरीवर लिहू नका. आणि 1981 च्या टीव्ही मालिकेत ब्राइड्सहेड म्हणून दिसलेलं कॅसल हॉवर्ड हे घर डोळ्यांसमोर ठेवून कादंबरीतल्या घराचं वर्णन तर मुळीच करू नका (हे फार वेळा घडतं).

आपल्याकडच्या वाचकाची खास चूक म्हणजे या घराला वाडा समजणं. वाड्याच्या कथेत भाऊबंदकी असते, वाटण्या होतात, अंगणात भिंत उभी राहते. इंग्लंडमध्ये घर आणि जमीन बहुधा थोरल्या मुलाकडे अखंड जाई. धाकट्याने सैन्य, चर्च नाहीतर वसाहतींची वाट धरायची. म्हणून तिथली भीती घर तुटण्याची कमी, परक्याच्या हाती जाण्याची जास्त.

पैसा कुठून येतो, हेही विचारा. जेन ऑस्टिनच्या 'मॅन्सफील्ड पार्क'मध्ये (1814) कॅरिबियनमधल्या अँटिग्वा या ब्रिटिश वसाहतीतली मालमत्ता आहे. फॉर्स्टरच्या 'हॉवर्ड्स एंड'मध्ये (1910) विलकॉक्स कुटुंबाची पश्चिम आफ्रिकेतली रबर कंपनी. मात्र साहित्य आणि साम्राज्य यांचं नातं तपासणाऱ्या समीक्षक एडवर्ड सैदचं 'कल्चर अँड इंपीरियलिझम' (1993) वाचून आलेला विद्यार्थी अनेकदा दुसऱ्या टोकाला जातो आणि ऑस्टिनची अख्खी कादंबरी गुलामगिरीवरच असल्यासारखं लिहितो. त्यातली नायिका फॅनी गुलामांच्या व्यापाराविषयी विचारते, आणि खोलीत कुणीच बोलत नाही. ही शांतता अपराधी आहे, कंटाळलेली आहे की नुसती बेफिकीर, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. सैदलाही ऑस्टिन थोर लेखिका म्हणून मान्यच होती, हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

इतकं करूनही लेख अडकला, तर शेवटी घर कुणाच्या ताब्यात जातं ते आधी लिहून काढा. ब्राइड्सहेडमध्ये सैन्याचा तळ पडतो. स्टीव्हन्सचं घर, डार्लिंग्टन हॉल, अमेरिकनाकडे जातं. मॅक्युअनच्या 'अटोनमेंट'मधल्या घराचं हॉटेल होतं. ते घर तर मुळातच कुरूप, कडीकुलपांच्या धंद्यातून आजोबांनी बांधलेलं. 'हॉवर्ड्स एंड' हे घर नायिका मार्गारेटनंतर मिळणार असतं एका गरीब कारकुनाच्या अनौरस पोराला. फॉर्स्टरला जुन्या इंग्लंडची ओढ होती की नव्या वारसाची, ते या पोरापासून लिहायला घ्या.