लिंक दिसते, पण दाबली जात नाही? या चुका टाळा

तुळशीचं लग्न होऊन आठवडा झाला होता. लाडू-चिवड्याच्या आणि रुखवताच्या ऑर्डरी घेणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंचा सकाळीच फोन. "अरे, साइटवरचं ते 'ऑर्डर करा' दाबलंच जात नाहीये. माझ्या फोनवर नाही, सूनबाईच्या लॅपटॉपवर नाही. खालचे मसाले मात्र उघडतात हं!"

त्या शेवटच्या वाक्यात अर्धं निदान होतं. मी ते कानाआड केलं आणि पाऊण तास लिंकच तपासत बसलो. पत्ता बरोबर, स्क्रिप्टमध्ये एकही एरर नाही. लिंक धडधाकट होती. तिच्यावर न दिसणारी काच ठेवलेली होती.

पहिली चूक: दुखणं लिंकचंच आहे असं धरून चालणं

कोड उघडण्याआधी माउस लिंकवर न्या. बाणाचा हात होतो का? हात होतोय, पण क्लिक केल्यावर काही घडत नाही, तर भानगड बहुधा स्क्रिप्टमध्ये आहे. बाण बाणच राहिला, तर वर काहीतरी पसरलंय असा संशय घ्या. राइट क्लिक करून पाहा. लिंक नव्या टॅबमध्ये उघडायचा पर्याय मेनूत आला नाही, तर ब्राउझरला त्या जागी लिंक सापडतच नाहीये.

मग कीबोर्डवरची टॅब कळ दाबत दाबत लिंकपर्यंत या आणि एंटर मारा. पान उघडलं? मग लिंक निर्दोष. वर काय पसरलंय याच्याशी कीबोर्डला देणंघेणं नसतं, माउसला आणि बोटाला असतं. (लिंकवरच चुकून पॉइंटर-इव्हेंट्स नन, म्हणजे माउस-बोटाला दाद न देण्याची सेटिंग, लागलेलं असेल तरी हेच दिसेल, तेवढं बघून घ्या.)

ब्राउझरचा हिशेब सरळ आहे. ज्या बिंदूवर क्लिक झाला, तिथला सगळ्यात वरचा डबा तो क्लिक घेतो (पानाचा प्रत्येक तुकडा ब्राउझरला एक डबाच). तिथून तो क्लिक त्या डब्याच्या आईबापांकडे, म्हणजे तो ज्यांच्या आत आहे त्या डब्यांकडे, जातो, खाली झाकलेल्या शेजाऱ्याकडे झिरपत नाही. वर कोण बसलंय हे विचारायला एफ१२ दाबून ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडा, कंट्रोल-शिफ्ट-सी करून निवडीचा बाण घ्या आणि लिंकवर टेकवा. लिंकऐवजी जो डबा उजळेल, तो तुमचा चोर. कन्सोलची (तिथेच आज्ञा लिहायच्या जागेची) सवय असेल तर एलिमेंट्सफ्रॉमपॉइंट या फंक्शनला त्या जागेचे आकडे द्या, वरपासून खालपर्यंत सगळी चळत हातात येते. बिफोर-आफ्टरवाले सूडो-एलिमेंट, म्हणजे सीएसएसने (पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या नियमांनी) डब्याला जोडलेले नकली तुकडे, मात्र त्यात वेगळे दिसत नाहीत, त्यांच्या पालकाचं नाव येतं. तेव्हा एखादा निरुपद्रवी वाटणारा डबा वर आला, तर त्याचे बिफोर-आफ्टर उघडून बघा.

काकूंच्या पानावर उजळला तो दिवाळीचा थर. पान उघडताच चार सेकंद फुलबाजीच्या ठिणग्या पडायच्या, ॲनिमेशन संपलं की स्क्रिप्ट तो थर काढून टाकायची. दिवाळी झाल्यावर कोणीतरी ॲनिमेशन बंद केलं आणि थराची ओपॅसिटी (अपारदर्शकता) शून्य केली. ॲनिमेशनच नाही, तर ते संपल्याचा निरोप कुठून येणार? निरोप नाही म्हणून थर निघाला नाही. पहिल्या स्क्रीनएवढा, पूर्ण पारदर्शक, सगळ्याच्या वर. स्क्रोल केलं की पानाबरोबर वर सरकायचा, म्हणूनच खालचे मसाले उघडत होते.

ही करामत कोणाची म्हणून कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटचा इतिहास उघडला. नाव माझंच.

डोळ्याला दिसेना म्हणजे गेलं, हा समज

सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडतात. ओपॅसिटी शून्य केली की डबा दिसत नाही, पण जागेवर असतो आणि क्लिक खातो. व्हिजिबिलिटी हिडन केलं तर जागा अडते, क्लिक अडत नाही. डिस्प्ले नन केलं की जागाही सुटते. मेनू किंवा पॉपअप हळूहळू विरघळत जायला हवा असेल तर ओपॅसिटीबरोबर व्हिजिबिलिटीही त्याच ट्रान्झिशनमध्ये टाका. विरघळणं पूर्ण झालं की डबा क्लिकच्या वाटेतून आपोआप बाजूला होतो. फक्त त्याच्या एखाद्या पोराला व्हिजिबिलिटी व्हिजिबल दिलेलं नाही ना, ते तपासा. तसं असेल तर ते पोर पुन्हा जिवंत होतं.

आणि 'ॲनिमेशन संपल्यावर काढू' यावर एकट्यावर विसंबू नका. ज्यांनी फोनमध्ये हालचाल कमी ठेवण्याची सेटिंग लावलीय आणि तुमच्या सीएसएसने त्यांचा मान राखून ॲनिमेशन बंद केलंय, त्यांच्यासाठी तो शेवट येतच नाही. म्हणजे अशा माणसांना काकूंचं पान ऐन दिवाळीतही अडलं असणार. जोडीला, ठरावीक वेळाने थर काढणारा एक टायमर ठेवा.

मोकळा सुटलेला ॲब्सोल्यूट

कार्डावर, म्हणजे पानावरच्या एखाद्या चौकटीवर, छटा द्यायची म्हणून आफ्टर घेतो, त्याला पोझिशन ॲब्सोल्यूट (ओळीतून सुटून नेमून दिलेली जागा भरणं) आणि चारही बाजूंना शून्य. ती छटा कार्डातच बांधून ठेवणारं पोझिशन रिलेटिव्ह कार्डाला द्यायचं विसरतो. मग ती छटा कार्ड सोडून बाहेरच्या एखाद्या पोझिशनवाल्या डब्याला भरते, आणि तसा कोणीच नसेल तर थेट पहिल्या स्क्रीनला. बूटस्ट्रॅप या तयार डिझाइनच्या संचातला स्ट्रेच्ड-लिंक (पूर्ण कार्डभर पसरलेली लिंक) याच युक्तीवर चालतो, म्हणून तिथली गंमत आणखी वेगळी: कार्डाला रिलेटिव्ह नसेल तर कुठेही दाबा, एकच लिंक उघडते. गिऱ्हाईक म्हणतं, साइट हॅक झाली.

झेड-इंडेक्सची बोली

लिंक दबली की पहिला हात जातो झेड-इंडेक्सकडे, म्हणजे कोणता डबा वर राहील हे ठरवणाऱ्या आकड्याकडे. ९९९, नाही चाललं, ९९९९९. मी २१४७४८३६४७ हा आकडाही लोकांच्या कोडमध्ये पाहिलाय, त्याच्या वर ब्राउझर जात नाहीत. तरी लिंक मेलेलीच. एकतर साध्या, पोझिशन न दिलेल्या डब्यावर झेड-इंडेक्स चालतच नाही (फ्लेक्स आणि ग्रिडमधली मुलं सोडून). दुसरं, आईबापांपैकी कोणावर ट्रान्सफॉर्म, फिल्टर किंवा एकपेक्षा कमी ओपॅसिटी असली की तिथे स्टॅकिंग कॉन्टेक्स्ट, म्हणजे थरांची स्वतंत्र चळत, तयार होतो. आतला आकडा आतल्या भावंडांपुरताच. घरातला थोरला गावचा पाटील होत नाही, तसंच. बूटस्ट्रॅपचं मोडल (पान अडवून वर येणारी चौकट) अशा डब्यात ठेवलं की काळा पडदा मोडलच्याच वर चढतो आणि 'बंद करा'सुद्धा दाबता येत नाही. मोडलचा कोड उचलून बॉडीच्या (पानाच्या मुख्य डब्याच्या) शेवटी ठेवा, निम्मी दुखणी तिथेच संपतात.

नव्या डायलॉग एलिमेंटची, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्या पॉपअपची, खोड निराळी आहे. शोमोडल या आज्ञेने उघडलेला डायलॉग बंद करताना काही जण क्लोज ही आज्ञा न बोलावता त्याच्यावरची नुसती ओपन ही खूण (ॲट्रिब्यूट) काढून टाकतात. डायलॉग दिसेनासा होतो, पण बाकीचं पान गोठलेलंच राहतं. इथे टॅबही लिंकपर्यंत पोचत नाही, म्हणून वरची कीबोर्डची चाचणी फसते. माउस आणि कीबोर्ड दोन्ही एकदम मेले, तर आधी हेच आठवा.

बाकी किरकोळ आरोपी: कोपऱ्यातलं चॅटचं बटण, ज्याचा पारदर्शक आयफ्रेम (पानात बसवलेली दुसऱ्या पानाची चौकट) बटणापेक्षा बराच मोठा असतो, पारदर्शक कडा असलेला पीएनजी लोगो, जो त्या कडांवरही क्लिक घेतो, आणि पॉपअप लपवून त्याचा पडदा मागे ठेवणारा तुमचाच ॲडब्लॉकर. शेवटच्यासाठी पान इन्कॉग्निटोमध्ये उघडून बघा, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात.

पॉइंटर-इव्हेंट्स नन हे औषध चांगलं आहे, पण नुसत्या सजावटीसाठी. ठिणग्या, छटा, वॉटरमार्क यांना ते पहिल्या दिवशीच लावा. मोडलच्या पडद्याला लावलंत तर लोक पडद्यातून मागची बटणं दाबतील.

टेस्टिंग करणाऱ्यांना एक विनंती. सेलेनियम (ब्राउझर आपोआप चालवून साइट तपासणारं साधन) 'क्लिक इंटरसेप्टेड' म्हणतं तेव्हा क्लिक दुसऱ्याच कोणी घेतला असता हे सांगतं, बहुतेकदा त्याचं नावही देतं. ते वाचायचं सोडून स्क्रिप्टमधून जबरदस्तीने क्लिक मारला की टेस्ट हिरवी होते आणि लिंक गिऱ्हाइकासाठी मेलेलीच राहते.

काकूंच्या पानावरून मी तो थर मुळासकट काढला. "काय झालं होतं रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही काकू, दिवाळीची सजावट काढायची राहिली होती."

"अरे, पण काढली होतीस ना? मी स्वतः बघितलं!"