कातळावरची पाल रात्री कशी बघायची
ट्यूबलाइटखालची नाही हं, डोंगरातली. सह्याद्रीत ठिपक्यांची मोठी पाल असते, हेमिडॅक्टायलस मॅक्युलेटस हे शास्त्रीय नाव १८३६ मध्ये मिळालेली, ती दिसली तर लॉटरीच. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर जाणार असाल तर आधी वनखात्याला विचारा, एकटं जाऊ नका आणि बूट घालाच, दगडांत फुरसं असतं. अंधार पडला की टॉर्च स्वतःच्या डोळ्यांजवळ धरून कातळाच्या भेगांवर हळूहळू फिरवा, पाल दिसली की लाइट जरा बाजूला घ्या कारण तिला पापण्याच नसतात, जिभेनेच डोळे पुसते, ते बघायला काय भारी वाटतं! दगड उलटवू नका प्लीज, खाली अंडी असू शकतात. पकडायचं तर नाहीच, शेपूट तुटते, परत येते पण साठवलेली चरबी जाते ना. आणि विषारी अजिबात नसते, घरी आजीलाही सांगा.