स्पिटफायरच्या मॉडेलचा रंग जुळत नाही? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाचं प्लॅस्टिकचं मॉडेल नीट जोडलं, सांधे घासून गुळगुळीत केले, रंगही खोक्यावर छापलेलाच आणला; तरी विमान फोटोतल्यासारखं दिसत नाही. अशा वेळी डबीतला रंग क्वचितच दोषी असतो. तो कशाशी आणि कुठल्या उजेडात ताडून पाहिला, तिथंच बहुधा गडबड झालेली असते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे विमानाचं साल न बघता रंग घेणं. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटिश लढाऊ विमानांच्या वरच्या अंगावर डार्क अर्थ (तपकिरी) आणि डार्क ग्रीन होते, पोटाला स्काय (फिकट हिरवट). ऑगस्ट १९४१ मध्ये तपकिरीच्या जागी ओशन ग्रे आला, पोट मीडियम सी ग्रे झालं आणि स्काय उरला तो स्पिनर (पंख्याच्या मध्यावरची टोपी) आणि शेपटीजवळच्या पट्ट्यापुरता. या बदलाच्या सुरुवातीला तयार ओशन ग्रे पुरेसा नव्हता, म्हणून सात भाग मीडियम सी ग्रेमध्ये एक भाग काळा मिसळून काम भागवलं जाई. १९४१ च्या शेवटच्या महिन्यांतलं विमान करत असाल तर हेच ७:१ मिश्रण करून पाहा. ‘स्काय टाइप एस’ असं वाचून वेगळी छटा शोधत बसू नका. तो ‘एस’ गुळगुळीत फिनिशचा आहे.

मोबाइलच्या पडद्यावर रंग जुळवू नका. प्रत्येक पडद्यावर तोच फोटो वेगळा दिसतो, आणि त्या काळच्या रंगीत फिल्मही फिकटलेल्या आहेत. छापील रंगपट्टी वापरा. रंगांना क्रमांक देणाऱ्या ब्रिटिश मानक ३८१सी मध्ये स्काय २१०, मीडियम सी ग्रे ६३७, डार्क ग्रीन ६४१ आहे. ओशन ग्रे तिथे ६२९ क्रमांकाला ‘डार्क कॅमोफ्लाज ग्रे’ या नावाने सापडतो.

मग चाचणी. थेट पंखावर नाही, प्लॅस्टिकच्या पांढऱ्या चमच्यावर. मॉडेलला जो प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) लावणार तोच चमच्याला लावा, कारण काळ्या प्रायमरवर पातळ थर गडद दिसतो आणि पांढऱ्यावर उजळ. दोन-तीन पातळ थर मारा, २४ तास वाळू द्या. नंतर अर्ध्या चमच्यावर ग्लॉस आणि त्यावर मॅट वार्निश मारा. ग्लॉसखाली रंग गडद होतो, मॅटने पुन्हा उजळतो. त्यामुळे ताडायचा तो हा वार्निश केलेला अर्धा भाग. ओला रंग पाहून निर्णय घेऊ नका. चमचा आणि पट्टी दोन्ही खिडकीशी, पण थेट उन्हात नाही, शेजारी धरा. रंगद्रव्यं वेगळी असली की ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेले दोन राखाडी दिवसा वेगळे निघतात, एक निळसर, दुसरा हिरवट.

डबी नुसती हलवून भागत नाही. मॅट रंगातली चमक मारणारी भुकटी तळाशी बसते. ती वर आली नाही तर रंग तुकतुकीत आणि गडद उतरतो. काडीने तळ खरवडत दोन मिनिटं ढवळा. तामिया या कंपनीचे एक्सएफ-८१ (हिरवा), ८२ (ओशन ग्रे), ८३ (मीडियम सी ग्रे) याच विमानांसाठी आहेत. ते तामियाच्याच एक्स-२०ए थिनरने पातळ करा. व्हालेहो या दुसऱ्या कंपनीचा रंग त्यात मिसळू नका, एअरब्रशच्या (रंगाचा बारीक फवारा मारणाऱ्या पेनाच्या) कपात गुठळ्या होतात.

लहान मॉडेलवर रंग थोडा उजळ करावा असं म्हणतात. ते पटतं, पण पांढरा ओतून नाही. १/४८ प्रमाणातल्या (खऱ्या विमानाच्या ४८ पट लहान) मॉडेलला रंगाच्या २० थेंबांत पांढऱ्याचा एक थेंब पुरे. हिरव्यात तर पांढऱ्याऐवजी फिकट राखाडी घाला, नाहीतर तो पिठूळ दिसतो.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात लॅकर (झटपट वाळणारा रंग) मारलं की कधीकधी डार्क ग्रीनवर पांढुरकी साय धरते. हवेतला ओलावा थंड झालेल्या थरात अडकतो, छटा चुकलेली नसते. कोरड्या दिवशी मारा किंवा सावकाश वाळणारं लेव्हलिंग थिनर घ्या. साय धरलीच असेल तर वाळल्यावर ग्लॉसचा पातळ थर दिल्यास बहुधा ती जाते.

मिश्रण लागेल त्याच्या दीडपट करा आणि उरलेलं घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवा, वर प्रमाण लिहून. नव्याने केलेलं मिश्रण पहिल्याशी तंतोतंत जुळणं कठीण. ओरखडा झाकायचा असेल तरी एअरब्रशच वापरा. ब्रशचा थर जाड बसतो आणि तोच रंग वेगळा डाग वाटतो.