मॅट्रिक्सचा गुणाकार: बेरीज शून्य कुठे करायची?

फॉर लूप येतो, टू-डी अ‍ॅरे भरता येतो, वहीत गुणाकारही जमतो, आणि तरी सी प्रोग्रामचं उत्तर चुकतं. तेव्हा होणारी चिडचिड मला अजून आठवते. एकात एक तीन लूप बघून दडपण येतं, पण बहुतेकदा लूप बरोबरच असतात. घोळ असतो बेरीज शून्य करणाऱ्या ओळीचा.

पहिल्या मॅट्रिक्सच्या ओळी १ २ आणि ३ ४, दुसऱ्याच्या ५ ६ आणि ७ ८ घ्या. उत्तर १९, २२, ४३, ५० हवं. लूप तीन: 'आय' ओळींवर फिरतो, त्याच्या आत 'जे' कॉलमवर, आणि सगळ्यात आत 'के' एकेक गुणाकार बेरजेत मिळवतो. ही बेरीज साठवणारं व्हेरिएबल 'सम' तिन्ही लूपच्या बाहेर एकदाच शून्य केलात, तर १९, ४१, ८४, १३४ येईल. पहिला आकडा बरोबर, म्हणून तर माणूस सूत्रावर संशय न घेता भलतीकडेच शोधत बसतो! तीच ओळ 'आय'च्या लूपमध्ये, 'जे'च्या आधी ठेवलीत, तर १९, ४१, ४३, ९३. म्हणजे उत्तराच्या प्रत्येक ओळीतला पहिलाच आकडा खरा. 'के'च्या आत टाकलीत, तर १४, १६, २८, ३२, कारण शेवटचा गुणाकार तेवढा उरतो. उत्तरातलं प्रत्येक घर ही स्वतंत्र बेरीज आहे. म्हणून तिची जागा एकच: 'जे'च्या लूपच्या आत, 'के'चा लूप सुरू होण्याआधी.

शून्य करणारी ही ओळ गाळूच नका. मेन फंक्शनमधल्या साध्या व्हेरिएबलला सी आपणहून शून्य देत नाही. तिथे योगायोगाने शून्य सापडलं की प्रोग्राम चालल्यासारखा वाटतो. 'माझ्याकडे तर चालतोय' यावर विसंबू नका.

सीनियरची फाईल उतरवून काढणं मला अजिबात पटत नाही. व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, प्रोग्रामची एक ओळ हलवून विचारलं की बोलती बंद. चूक लगेच दाखवणाऱ्यापेक्षा 'कागदावर ट्रेस कर', म्हणजे प्रत्येक पायरीला व्हेरिएबलची किंमत लिहीत जा, म्हणणारे सर जास्त शिकवतात. चार घरं हाताने ट्रेस करा. कंटाळा येईल, पण जमेल; यात हुशारीचा प्रश्नच नाही.

आणि चौरस मॅट्रिक्सवर थांबू नका. २×३ ला ३×२ ने गुणून बघा. 'के' पहिल्याच्या कॉलमपर्यंत, म्हणजे ३ पर्यंत फिरायला हवा. तिथे चुकून पहिल्याच्या ओळींची संख्या लिहिली, तर तिसरा गुणाकार गुपचूप गळतो. कंपायलर एका शब्दानेही सांगत नाही, आणि २×२ वर ही चूक कधीच दिसत नाही.