ठाणे खाडीत बदकं कशी टिपावीत, कॅमेऱ्यानं

ठासणीच्या बंदुकीचा पल्ला तोकडा. नळीत दारू, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, एवढं गजानं ठासून झालं की एक बार मिळायचा. तोही बदक तीसेक मीटरच्या आत असेल तरच कामाचा. दुसरा बार भरेपर्यंत थवा पलीकडच्या काठाला गेलेला. त्यामुळे पक्ष्यामागे न धावता तो जिथे येणार तिथे आधीच जाऊन बसणं, हे त्या शिकाऱ्याला यावंच लागे. रानबदकांची शिकार आज वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. पण ४०० मिमीच्या लेन्सनं पिसंन् पिसं दिसावं असं वाटत असेल, तर अंतर साधारण तेवढंच लागतं आणि कसबही तेच.

सुरुवात कॅलेंडरपासून करा. तिथीला ३ नं गुणा, ४ नं भागा. येतो तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. द्वादशी असेल तर बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, म्हणजे नऊ. शुद्ध असो वा वद्य, हिशेब एकच. मुंबई बंदरातली भरती खाडीत ऐरोली-ठाण्यापर्यंत पोचायला आणखी थोडा वेळ घेते, तेवढं धरून चला. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर भरती-ओहोटीचा तक्ता पाहा.

ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाडीच्या मध्यावर पांगतात. दुर्बिणीतूनही नुसते ठिपके. पाणी चढू लागलं की त्याची कड त्यांना काठाकडे रेटत आणते. म्हणून पूर्ण भरतीच्या दोन तास आधी जागेवर बसलेलं असावं. सकाळसाठी द्वादशी ते चतुर्दशी या तिथी सोयीच्या, कारण भरती नऊ ते साडेदहाच्या दरम्यान येते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. पाणी कमी चढतं, चिखलाचा पट्टा उघडाच राहतो, पक्षी जवळ येत नाहीत. याउलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी थेट तिवरांत शिरतं आणि चिखल पार बुडतो. मग रोहित (फ्लेमिंगो), शेकाटे, मालगुजे असे चिखलात चरणारे लांब पायांचे पक्षी खाडी सोडून नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर आणि मिठागरांच्या बांधांवर विसाव्याला येतात. उधाणाच्या ऐन भरतीला खाडीकाठी उभं राहिलात तर सकाळ फुकट. त्या दिवशी तळं गाठा, आणि पाणी चढायच्या आधीच गाठा. नंतर गेलात तर बसलेला थवा तुम्हीच उठवाल.

काठ कोणता, हेही आधीच ठरवा. ऐरोली, नेरूळ हा खाडीचा पूर्व काठ. तिथून पाण्याकडे पाहिलं की सकाळचं ऊन पाठीवर येतं. भांडुप-मुलुंडच्या बाजूनं सकाळी पाहिलं तर सगळी बदकं काळी. तिकडे दुपारनंतर जावं. वाराही याच हिशेबात बसतो. हिवाळ्यात सकाळी तो बहुधा जमिनीकडून म्हणजे पूर्वेकडून असतो, दुपारनंतर समुद्राकडून. बदक उडतं आणि उतरतं ते वाऱ्याला तोंड देऊन. वारा तुमच्या पाठीवर असेल तर पक्षी तुमच्याच दिशेनं तोंड करून येतो. वारा तोंडावर असेल तर दिवसभर शेपट्यांचेच फोटो मिळतात.

बसताना तिवराची झाडी पाठीशी घ्या, म्हणजे आकृती आभाळावर उठून दिसत नाही. कपडे मातकट. उभं राहण्यापेक्षा बुटक्या स्टुलावर बसणं बरं, लेन्स पाण्याच्या पातळीच्या जितकी जवळ तितकं चांगलं. चरणारं बदक एकदम चरायचं थांबलं, माना ताठ झाल्या, सगळी एकाच दिशेनं सरकू लागली, की तुम्ही फार जवळ आहात. आणखी एक हालचाल आणि थवा उडेल. हलू नका, माना पुन्हा खाली जाईपर्यंत थांबा. उडतानाचा फोटो हवा म्हणून खडा मारणं हा तर निव्वळ क्षुद्रपणा.

पोहणाऱ्या बदकाला शटर १/८००, उडणाऱ्याला १/२०००, अॅपर्चर एफ ६.३ ते ८. दहानंतर तापलेल्या चिखलावर हवा थरथरते आणि दूरचा फोटो कितीही नेमका फोकस केला तरी पाघळलेला येतो. दोष लेन्सचा नसतो, म्हणून दुकानात धावू नका. दुर्बीण ८×४२ पुरते. १०×४२ हातात जास्त हलते.

ओळख चोचीवरून सुरू करा. पळीसारखी चोच तो थापट्या, बारीक लांब मान नि टोकदार शेपूट तो तलवार बदक. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि बुडाशी दोन लाल ठिपके दिसले की हळदी-कुंकू. उडताना शिट्टी घालतात त्या अडया. ऑक्टोबरात नुकत्याच आलेल्या नरांचा रंगही मादीसारखा मळकट असतो. तेव्हा रंगावर जाऊन नावं ठोकू नका. चोच आणि पंखातला चमकदार पट्टा पाहा. बदकांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ, रोहित मे महिन्यापर्यंतही सापडतात.

चिखलात मात्र उतरायचं नाही. वरून टणक दिसणारा थर मांडीपर्यंत गिळतो, आणि पाणी आधी मागच्या ओहोळांतून भरतं, समोरून नंतर. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. आत जायचं तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणारी बोट घ्या. तिच्या वेळाही भरतीवरच ठरतात, म्हणून निघण्याआधी विचारून घ्या. कुठे जाळं किंवा फासे दिसले तर हात न लावता जागा नोंदवून वनविभागाला १९२६ वर फोन करा.

घरी आल्यावर कॅमेरा आणि ट्रायपॉड आधी ओलसर फडक्यानं, मग कोरड्यानं पुसा. खाडीची खारट हवा ट्रायपॉडचे स्क्रू बघता बघता गंजवते.