लांबच्या युद्धावरची आयरिश कविता कशी वाचायची

आधी टीव्ही बंद करा, खरंच. इथे इंदूरला पोह्याच्या दुकानात सकाळी न्यूज चालू असते, वर पडलेल्या इमारती, खाली पट्टीत सोन्याचा भाव, आणि आपण शेव जरा जास्त टाक म्हणतो... हे आठवूनच आयरिश कवयित्री नुआला नी गोनल यांची ‘दुव’ ही कविता घ्या. बोस्नियातलं स्रेब्रेनिका हे गाव ११ जुलै १९९५ ला बोस्नियन सर्ब सैन्याच्या हाती पडलं, ८,००० च्या वर मुस्लिम पुरुष न् मुलं मारली गेली, त्या पाडावावरची ही कविता.

दुव म्हणजे काळा. आयरिश येत नसली तरी मोठ्याने वाचा आणि दुव आला की पेन्सिलने टिक करा, पान भरून जातं बघा. मग पॉल मल्डून यांचा इंग्लिश अनुवाद.

मराठीत करताना मात्र एक सांभाळा, काळा म्हणजे काळाच, कुठे अंधार कुठे सावळा असं सजवू नका, कारण बातमीवाले रोज शब्द बदलतात, आज चकमक उद्या कारवाई परवा तणाव, आणि ही कविता एकाच शब्दाला धरून बसते, बटाटेसुद्धा काळे म्हणते. आपल्याकडे ‘काळा दिवस’ आहेच, तिथूनच सुरू करा.